आधी तारा, मग दार

सहावी, पाचवी

बाबा मागच्या खोलीत कोसळले तेव्हा गिटार त्यांच्या मांडीवर होती. लावलेली. धडपड ऐकून शेजारचे अंकल मानू धावत आले आणि दार ठोठावू लागले. आईने आधी खुंट्या फिरवून सगळ्या तारा सैल केल्या. मग दार उघडलं.

"मानूचे कान फार तिखट आहेत," हॉस्पिटलात ती मला म्हणाली.

"आई, बाबा जमिनीवर पडले होते!"

"मग? शुद्धीवर आल्यावर मला काय म्हणाले असते?"

शुद्धीवर आल्यावर ते फक्त "नाही" म्हणाले. उजवा हात गेला होता, आणि बाकीचे सगळे शब्दही.

हवाई बेटावरच्या आमच्या वाइमेआत लावलेली गिटार कुणी खाली ठेवत नाही. प्रत्येक घराची तारांची आपली जुळणी असते, आणि परक्याची नजर पडायच्या आत ती मोडायची असते. आमच्या घरची जुळणी एकट्या बाबांना येत होती. ती माझा भाऊ पालानी याला मिळायची होती. पालानी होनोलुलूच्या विमानतळावर सामान चढवतो आणि गिटार दिसली की तिच्यावर टोपी अडकवतो. मी वाजवते, पण चारचौघांच्या जुळणीत. बाबांची मला भिंतीपलीकडून पाठ होती. भिंतीपलीकडून हात कुठे दिसतात?

त्यांना घरी आणल्यावर मी गिटार घेऊन पलंगाशी बसले.

सहावी तार खाली, खूप खाली. हिचा घुमारा लहानपणी माझ्या उशीत यायचा. पाचवी थोडी खाली.

"बरोबर ना बाबा?"

"नाही."

मी त्यांच्या शब्दाकडे नाही, डोळ्यांकडे बघत होते. डोळे छताला लागले होते.

चौथी

आहे तशीच.

"नाही."

दुसरी, पहिली

या दोघींसाठी एक आठवडा गेला. आई अळकुड्यांची पातळ पोई भरवायची, मी खुंट्या फिरवायची. संध्याकाळी अंकल मानू वाळवलेलं मांस घेऊन यायचे आणि पायरीवरूनच ओरडायचे, "येऊ का? की अजून चोरी चाललीय?"

"आमच्याच घरात कसली हो चोरी?"

"तू मुलगी आहेस, तुला आत बसून करता येते. मी आयुष्यभर तुमच्या कुंपणापाशी घोड्याचा नाल तपासत उभा राहिलो. घोड्याला वाटलं, मालक वेडा झाला!"

मी तारा सैल करायची, मग म्हणायची, "या."

तिसरी

ही सापडेना. मी ती खाली खाली नेत राहिले, कारण बाबा जो भेटेल त्याला हेच सांगत आले होते. आमच्याकडे तार वर ओढायची नाही, फक्त सोडायची. सोडलेली तार कधी तुटत नाही. तिसरी सैल झाली, ढिली झाली, शेवटी नुसती फडफडायला लागली. भिंतीपलीकडचा तो सूर कुठेच नव्हता.

रागाने मी खुंटी उलटी फिरवली. वर. आणखी वर. तेव्हा छताकडे लागलेले बाबांचे डोळे पहिल्यांदा माझ्याकडे वळले.

तार तुटली. गालावर ओरखडा उठला.

आई कांदे चिरत होती. मान न वळवता म्हणाली, "त्या जागी ते दुसरीची तार घालायचे. बारीक असते ना. मला दुकानात धाडायचे तेव्हा दुसरी नेहमी जास्त आणायला सांगायचे."

"ही का नव्हती मग बारीक?"

"ती गंजून गेली. मागे पालानीने पाकिटातली तिसरी घालून दिली. हे चिडले होते. दुसऱ्या गिटारवरची बारीक काढून लावायचे वाजवताना, आणि मग परत ही चढवून ठेवायचे."

"त्या दिवशीही?"

"त्या दिवशी मी चढवली. हॉस्पिटलातून त्यांचे कपडे न्यायला घरी आले तेव्हा."

"आई, हे तू मला आत्ता सांगतेस?"

"तू विचारलंस कुठे?"

म्हणजे सगळ्यांना सांगितलेला तो नियम आमच्याच जुळणीत खोटा होता. चोराची तार तुटावी म्हणून. चोर सापडला, गालावर ओरखडा घेऊन पलंगाशी बसला होता.

पुन्हा सगळ्या

बारीक तार चढवली. न तुटता वर गेली. मी पहिल्यांदा सगळ्या तारा एकदम छेडल्या आणि भिंत नाहीशी झाली. बाबांचं रात्रीचं गाणं मी शेवटापर्यंत वाजवलं. आई सुरी हातात धरून दारात उभी राहिली.

बाबांनी डावा हात पुढे केला. मला वाटलं, डोक्यावर ठेवतील. त्यांनी खुंट्या धरल्या आणि एकेक करून सगळ्या सोडून दिल्या. तिसरी सगळ्यात आधी.

"नाही," ते म्हणाले. "पालानी."

शब्द होता तर त्यांच्याकडे. एक शिल्लक होता.

पायरीवर बूट वाजले. "येऊ का?"

"या अंकल, आत या. बसा इथे." सैल तारांची गिटार अजून माझ्या मांडीवर होती, मी खुंटी फिरवली. "आमची जुळणी हवी होती ना तुम्हाला? बघा. सहावी इथे."

"नाही," बाबा म्हणाले.

"पाचवी इथे."

"नाही. नाही."

"आणि तिसरीला बारीक तार घालून—"

अंकल मानूंनी टोपी काढली. बाबांकडे पाहिलं. मग पाठ फिरवून ते खिडकीशी गेले आणि मोठमोठ्याने गायला लागले. नीट गाणंही नाही, गुरं वळवताना घालतात तसली आरोळी. मी तिसरी वर नेली, ते आणखी ओरडले. मी सगळ्या तारा छेडल्या, त्यांनी खिडकीची चौकट थापटायला सुरुवात केली.

मी थांबले तेव्हा ते थांबले.

"झालं का तुझं?" त्यांनी भिंतीलाच विचारलं. "मांस ठेवलंय. ताजं आहे." आणि मागे न बघता गेले.

आई पुन्हा कांद्याकडे वळली. बाबांनी डोळे मिटले होते.

मी गिटार भिंतीला टेकवून उठले. दारापर्यंत जाऊन परत आले आणि तारा सैल केल्या.