कोरड्या तळ्यातलं पोहणं

पुतळाबाईनं पदराखालून पुस्तक काढलं आणि गुरुजींच्या टेबलावर आपटलं. मागं दहाबारा बायका. सगळ्या खडी फोडायला निघालेल्या, डोक्यावर रिकाम्या पाट्या, आणि प्रत्येकीच्या हातात तेच एक पुस्तक.

"गुरुजी, ह्ये तुमचं तुमाला."

शांतलिंग गुरुजी खुर्चीतून उठलेच. "का हो? पोरीनं फाडलं का?"

"फाडलं असतं तर बरं झालं असतं. वाचतीया न्हवं का! वाचती अन् तळ्यात जाऊन पालथी पडती. दिसभर हातपाय मारती. घरी आली की 'आये पानी, आये पानी.' कुठनं देऊ? टँकर आठ दिसाला एकदा. वाट्याला दोन घागरी."

"माज्या पोरानं तर काल शेळीचं पानी बी पिऊन टाकलं," मथुराबाईनं मागून सूर लावला.

त्याचं असं झालं होतं. बहात्तरचा दुष्काळ. ईट गावापासून दोन कोसांवरची ही वाडी सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली आणि आयांच्या मागं पोरंही गेली. पटावर एक्केचाळीस नावं, बसकरावर नऊ पोरं. वरून निरोप आला, मार्चात वीस पोरं दिसली नाहीत तर शाळा बंद करून ईटला जोडू. पोरगे एखादवेळी जातीलही दोन कोस चालत; पोरींची शाळा मात्र तिथंच संपणार, हे सांगायला जोशी लागत नव्हता.

दिवाळीत आणखी एक कागद आला. लहान मुलांनी वाचावीत अशा पुस्तकांची यादी पाठवा. गुरुजी पडले भोळे. ते सरळ खडीच्या ढिगावर जाऊन बसले आणि पोरांनाच विचारू लागले. एकाला पोटभर जेवणाची गोष्ट हवी होती. एकाला न मरणारा बैल. पुतळाबाईची द्वारका चौथीत, ती म्हणाली, "पान्याचं पुस्तक मागवा गुरुजी. लई पानी असलेलं." गुरुजींनी वीस पुस्तकांची यादी सुवाच्य अक्षरात लिहून धाडली.

संक्रांतीनंतर सोसायटीच्या खताच्या गाडीतून पेटी आली. आत एकाच पुस्तकाच्या पंचवीस प्रती. पोहायला कसं शिकावं, चित्रांसकट! आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, दुसरं काय? गुरुजींनी कपाळाला हात लावला.

पण पोरांचं काही बिघडलं नाही. त्यांनी पुस्तकं उचलली आणि दोन वर्षं थेंब न पाहिलेल्या तळ्यात नेली. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी भेगाळल्या मातीत पालथं पडून हात मारायचे. पोटाला ढेकळं टोचायची, नाकात धुरळा जायचा, तरी कुणी उठेना. खडीवरची पोरं एकेक करून परतली. हजेरी वाढत वाढत सव्वीसवर गेली. त्या सालात गुरुजी हसले ते तेव्हाच, तळ्याच्या बांधावर उभे राहून.

आणि आता ही पुस्तकं टेबलावर.

"बायांनो, तीन आठवडे कळ काढा," गुरुजी काकुळतीला आले. "तपासणीचे साहेब येऊन जाऊ द्या. नाहीतर शाळा जाते."

पुतळाबाईचा आवाज खाली आला. "आमाला शाळा नगं हाय का, गुरुजी? पर तहानल्या लेकराम्होरं रिकामा तांब्या कसा धरावा, त्ये तुमीच सांगा. दुसरं कायबी वाचाया द्या. तहान न लागनारं द्या."

गुरुजींकडं दुसरं नव्हतं. बायकांनी पुस्तकं नीट रचून ठेवली आणि त्या कामावर गेल्या. त्यांचं चुकलं असं गुरुजींना काही केल्या म्हणता येईना.

साहेब आले तेव्हा शाळेत आठ पोरं होती. माणूस वाईट नव्हता. त्यांनी डोकी दोनदा मोजली, पुढं केलेला पाण्याचा तांब्या परत केला. पुस्तकं चाळून म्हणाले, "वापरलेली दिसतात. छान." मग पेटीला खिळे ठोकून ती ईटला न्यायला जीपमध्ये ठेवली.

द्वारका खडीवरून पळत आली. डोक्यावर पाटी तशीच.

"गुरुजी, येक डाव उघडा की पेटी. माजं शेवटलं पान ऱ्हायलंय."

"काय होतं त्या पानावर?"

"पान्यात पडल्यावर भाईर कसं यायचं, त्ये."

जीप सुरू झाली. धुरळ्यात पेटी दिसेनाशी झाली.

"मग तुमीच सांगा की," पोर म्हणाली.

गुरुजींना पोहता येत नव्हतं. आणि पुस्तक त्यांनीही शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. "सांगतो," ते म्हणाले. द्वारकानं थोडा वेळ वाट पाहिली, मग पाटी सावरली आणि ती खडीकडं निघून गेली.