ओडेसाच्या स्वयंपाकघरातली शांतता

“पुसला म्हणजे? आईचा आवाज तुम्ही पुसून टाकलात, मिस डेल्फीन?”

व्हर्लीन दारातच उभी होती. अंगावर आईच्या अंत्यविधीचे काळे कपडे, हातात चर्चमधली घडी घातलेली पत्रिका. मिसिसिपीच्या त्या दुपारी पंखासुद्धा झोपेत फिरत होता.

“तिनंच सांगितलं, पोरी. मासे साफ करायच्या कारखान्यात लघवीलाही सोडत नाहीत, असं तुझी आई, ओडेसा, कॅमेऱ्यापुढे धडाधडा बोलली. दुसऱ्या दिवशी आली नि म्हणाली, नोकरी गेली तर लेकरं काय खातील? पूस सगळं. नको म्हणशील ते पुसेन, असा मी शब्द दिला होता.”

“तुमचा शब्द घेऊन मी काय करू?”

आधी वर्तमानपत्रासाठी, मग कॅमेरा घेऊन, चाळीस वर्षं डेल्फीन तुरुंग, गिरण्या, विषारी विहिरी पालथ्या घालत हिंडली. गोरगरिबांचं म्हणणं जगाच्या कानी घालायचं, एवढाच ध्यास. आणि या लेकीला द्यायला तिच्याकडे एक वाक्यही नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

मग तिला आठवलं. प्रत्येक मुलाखतीनंतर ती सगळ्यांना मिनिटभर गप्प बसवायची आणि खोलीची शांतता टेपवर घ्यायची. माहितीपट जोडताना मधल्या फटी बुजवायला ती लागायची. ओडेसा पोट धरधरून हसली होती. “आम्ही तोंड मिटलं की तू मशीन चालू करतेस? अजबच बाई आहेस!”

त्या मिनिटात कुणी काही बोललं नव्हतं, म्हणून ते पुसायचं कारणच पडलं नव्हतं.

कपाटातून टेप निघाली. आधी नुसती खरखर. मग तीस वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघर हळूहळू खोलीत उतरलं. फ्रिजची घरघर, कापसाच्या शेतांवरून जाणारं एखादं विमान, भांड्यात रटरटणारी चवळी. व्हर्लीन खुर्चीत टेकली. उन्हात धूळ तरंगत होती. आपण कुठल्या सालात बसलो आहोत, हे क्षणभर डेल्फीनलाही कळेना.

“ऐका,” व्हर्लीन पुटपुटली. “ती बारीक शीळ... नाकातली. कामावरून दमून आली की अशीच वाजायची. आम्ही चिडवायचो तिला, आगगाडी आली म्हणून.”

आई श्वास घेत होती. मिनिट संपलं.

“पुन्हा लावा ना.”

डेल्फीनने टेप मागे फिरवली. आपला श्वास तिच्या श्वासात मिसळू नये म्हणून या वेळी दोघींनीही तो रोखून धरला.