बाईंनी माझं ऑइल बदललं

मी एक जुनी निळी गाडी आहे. कोपरखैरण्यातल्या एका सोसायटीत, पाण्याच्या टाकीशेजारी माझी जागा आहे. माझा निळा रंग उन्हाने फिका पडला आहे, मागच्या दाराला पोचा आहे, आणि आजूबाजूच्या नव्या गाड्या माझ्याहून चांगल्याच उंच आहेत. पण मित्रांनो, माझं इंजिन अजून पहिल्याच किल्लीला सुरू होतं. ते कुणामुळे, तेच आज तुम्हांला सांगते.

कारखान्यातून निघून ट्रेलरवरून मी शोरूममध्ये आले. तिथे वैजयंतीबाईंनी माझ्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि त्यांच्या यजमानांनी, शेखररावांनी, मला झेंडूचा हार घातला. बाई घणसोलीच्या शाळेत शिकवायच्या. शेखरराव तुर्भ्याच्या कारखान्यात फिटर होते आणि कंपनीच्या बसने जायचे. त्यामुळे चालवायच्या बाई आणि जपायचे शेखरराव, अशी आमची वाटणी पहिल्यापासून ठरून गेली.

किती फिरले मी! रोज सकाळी डब्याचा वास आणि तपासलेल्या वह्यांचे गठ्ठे घेऊन शाळेत. मे महिन्यात एपीएमसी बाजारातून आंब्याच्या पेट्या. उन्हाळ्यात सगळं बिऱ्हाड भरून साताऱ्याजवळच्या गावी. खंबाटकी घाट मी एका दमात चढले की शेखरराव डॅशबोर्डवर थाप मारून म्हणायचे, "शाब्बास गं पोरी!" ती थाप मला अजून आठवते.

सुरुवातीला माझं ऑइल शोरूमवालेच बदलायचे. शेखररावांना काचेपलीकडच्या गार खोलीत बसवायचे, कॉफी द्यायचे. त्यांना ते मुळीच आवडायचं नाही. एकदा घरी येताना ते बाईंना म्हणाले, "आपली गाडी आत आन् आपण बाहेर. जुनं ऑइल कसं निघालं, तेबी बघू देत न्हाईत."

"मग तुम्हीच बदला," बाई हसत म्हणाल्या.

त्यांनी ते मनावर घेतलं. दोन लाकडी उतार बनवून घेतले. रविवारी माझी पुढची चाकं त्यांवर चढवायची, इंजिन जरा निवू द्यायचं आणि जुन्या बनियनवर माझ्या पोटाखाली शिरायचं. पान्याने खालचा बोल्ट सुटला की काळं, कोमट ऑइल टबात पडायचं. ते दोन बोटांत चोळून बघायचे. मग नवा फिल्टर, बोल्टाला नवा वायसर, आणि वरून नवं ऑइल. ते उन्हात धरून म्हणायचे, "बघ वैजू, काकवीसारखं हाय की नाय?" आणि वरून वाकून बाई म्हणायच्या, "काकवीचे डाग धुतले तर जातात हो!"

असे कितीतरी रविवार गेले. मला वाटायचं, ते संपायचेच नाहीत.

मग शेखररावांना पक्षाघाताचा झटका आला. बाईंनीच मला दामटत त्यांना दवाखान्यात नेलं. ते वाचले. हळूहळू काठी घेऊन चालू लागले, पण उजवा हात गेला तो गेलाच. पाना धरणारा हात मांडीवर नुसता पडून राहायचा.

त्यानंतर बाई मला मितेशच्या गॅरेजमध्ये नेऊ लागल्या. मितेश भला माणूस. लिफ्टवर चढवून अर्ध्या तासात सगळं चोख करून द्यायचा. तिथे मला काही कमी पडलं नाही. पण बाई निवृत्त झाल्या आणि माझं बाहेर पडणंच थांबलं. काचेवर धूळ साठली, एक टायर बसला. शेखरराव गॅलरीत खुर्ची टाकून दिवसभर बसत. माझ्याकडे मात्र बघत नसत.

एका सकाळी एक गिऱ्हाईक मला बघायला आलं. बॉनेट उघडलं, आत डोकावलं. बाईंनी वर बघून विचारलं, "अहो, काय सांगू यांना?"

"दिऊन टाक," वरून आवाज आला. "आता तिला कोन बघनार?"

बाईंनी माझं बॉनेट लावून टाकलं. मग गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "राहू दे. नाही विकायची."

पुढच्या रविवारी त्या जुना पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कमरेला बांधून खाली आल्या. सोबत टब, पाना आणि ऑइलचा कॅन. आणि काठी टेकत, कपाळाला आठ्या घातलेले शेखरराव. बाईंनी बसलेल्या टायरात हवा भरली, मला त्या लाकडी उतारांवर चढवलं आणि त्यांना माझ्यासमोर खुर्चीत बसवलं.

"मितेश हाय की त्याला! तुला काय जमनार हाय?"

"नाही जमत, म्हणून तर तुम्हांला आणलंय. सांगा, कुठल्या बाजूला फिरवू?"

"डावीकडं... अगं, तुझ्या डावीकडं न्हवं!"

बाई घामाघूम झाल्या, पण बोल्ट सुटला. ऑइल निघालं. फिल्टरही बदलला. बाईंनी खूश होऊन टब बाजूला ओढला, नरसाळं लावलं आणि वरून नवं ऑइल ओतायला घेतलं. खालचा बोल्ट लावायचाच राहिला होता!

सोनेरी ऑइल फरशीवर पसरू लागलं. "अगं थांब! बोल्ट! बोल्ट!" शेखरराव ओरडले. काठी कुठल्या कुठे पडली. ते खुर्चीतून उठले, खाली बसले, सरपटत माझ्याखाली आले आणि डाव्या हाताचा अंगठा त्यांनी भोकावर दाबून धरला. किती दिवसांनी त्यांचा हात मला लागला!

"आण की बोल्ट! का जल्मभर असाच पडून राहू?"

बोल्ट बाईंच्या खिशातच होता. त्याही खाली शिरल्या. त्यांनी पाना लावला आणि शेखररावांनी डाव्या हाताने त्यावर जोर दिला. बोल्ट घट्ट बसला, तरी दोघं बाहेर यायला तयार नव्हते. शेखररावांच्या गालाला, बाईंच्या केसांना ऑइल लागलेलं. बाई एकदम म्हणाल्या, "काकवीसारखंच आहे हो!" आणि शेखरराव हसले. अगदी पोट धरून. ते हसणं मी विसरलेच होते.

त्यानंतर मला कुणी विकायचं नाव काढलं नाही. बाईंनी भुसा टाकून फरशी पुसली, आणि जुनं ऑइल गटारात न ओतता कॅनमध्ये भरून मितेशकडे पोचतं केलं. गेल्या महिन्यात आम्ही उरणला समुद्र बघून आलो. शेखरराव पुढच्या सीटवर होते आणि वाटभर बाईंना गिअर कधी टाकायचा ते सांगत होते.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी गाडी असेल. तिचं ऑइल खुशाल गॅरेजमध्ये बदला, ती रुसणार नाही. पण कधीतरी स्वतः बॉनेट उघडून ऑइल मोजायची पट्टी पुसून बघा. आणि घरात कुणी हातपाय थकून गॅलरीतच बसून राहत असेल, तर त्यालाही हाक मारा. मला जमत नाही, जरा सांगता का, एवढंच म्हणा. शिकवायला तो नक्की खाली उतरेल.