अप्पांनी शिकवलेले त्रिकोण

लातूर जिल्हा होऊन सहा महिनेही झाले नव्हते, आणि त्या वर्षी माघातच आड आटले. नव्या कचेऱ्यांच्या पाट्या रंगत होत्या आणि गल्लीतल्या बाया हापशापुढं घागरी मांडून बसत होत्या. शांतम्माचा गुडघा सुजला, म्हणून पाण्याचं काम तिच्या धाकट्या लेकीवर, नववीतल्या रुद्राणीवर आलं. पंधरा दिवस तिची सकाळची शाळा बुडाली आणि नेमके त्याच पंधरा दिवसांत विनीताबाईंनी त्रिकोण शिकवून संपवले.

ती शाळेत परतली त्या शनिवारी बाईंनी पुस्तकातली दहा उदाहरणं दिली. कोनांची मापं काढायची आणि प्रत्येक पायरीपुढं कारण लिहायचं. सोमवारी वही तपासणार होत्या. रविवारी दुपारी रुद्राणी पहिल्याच आकृतीकडं बघत बसली आणि तिला रडू फुटलं.

तिचे वडील बसलिंगप्पा नव्या कचेरीच्या रेकॉर्ड खोलीत कारकून होते. उस्मानाबादेहून ट्रक भरून आलेले निजामाच्या वेळचे उर्दू कागद तिथं त्यांच्याइतके सरळ कुणाला वाचता येत नसत. पण ते कागद एकदा वाचून संपले की कचेरीत आपलं काम काय उरणार, ही काळजी ते घरी बोलून दाखवत नसत. जेवताना घास हातात धरून मधेच थांबत, एवढंच. मराठी पेपर वाचायला त्यांना अर्धा दिवस लागे. त्यांना भूमिती विचारावी, असं रुद्राणीच्या मनातही कधी आलं नव्हतं.

“काय हाय, दाव,” ते म्हणाले.

तिनं वही पुढं केली. त्रिकोणाची एक बाजू पुढं वाढवलेली, बाहेरचा कोन एकशे दहा, समोरचा आतला कोन पंचेचाळीस. उरलेले दोन काढायचे होते. अप्पांनी नुसतं बघितलं.

“सत्तर आन पासष्ट.”

रुद्राणीनं पुस्तकाच्या मागं उत्तर पाहिलं. बरोबर होतं.

मग अप्पांनी पेन्सिल घेतली. सरळ रेघेवर एकशे ऐंशी असतात, त्यातले एकशे दहा गेले म्हणजे सत्तर. आणि बाहेरचा जाविया आतल्या दूरच्या दोन जावियांच्या बराबर, म्हणून पंचेचाळीस वजा केले की पासष्ट. जाविया म्हणजे कोन आणि मुसल्लस म्हणजे त्रिकोण, हे तिला विचारून घ्यावं लागलं. ते सातवीपर्यंत उर्दूतच शिकले होते. सांगता सांगता त्यांचा आवाज चढला. शांतम्मा चुलीपाशी हसली. लई दिवसांनी हे असं बोलायलेत, असं म्हणाली. दिवस मावळायच्या आत दहाही उदाहरणं झाली.

सोमवारी बाईंनी रुद्राणीला फळ्यापाशी बोलावलं. आकृती नीट आली, मापं नीट आली. कारण सांगताना मात्र तिच्या तोंडून निघून गेलं, “मुसल्लसाचा बाहेरचा जाविया...”

सगळा वर्ग हसला. हे कुणी शिकवलं, असं बाईंनी साधंच विचारलं होतं. पण मागच्या बाकावरून कुणीतरी अजान दिल्याचा आवाज काढला आणि रुद्राणीचे कान तापले.

“शेजारच्या काकांनी,” ती म्हणाली.

बाईंनी वहीत लाल शाईनं लिहिलं: शेजारच्या काकांची मदत न घेता कारणे पुस्तकातल्या शब्दांत लिहावीत. खाली पालकांची सही हवी होती.

दोन दिवस तिनं वही दप्तरातच ठेवली. शांतम्माला सही करायला सांगावं, तर तिला लिहिता येत नव्हतं. बुधवारी संध्याकाळी तिनं वही अप्पांपुढं ठेवली आणि उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. अप्पांनी बोट ठेवत ओळ वाचली. ‘शेजारच्या’ या शब्दावर बोट थांबलं, मग पुढं सरकलं. जन्मभर ते उर्दूत सही करत आले होते. त्या दिवशी त्यांनी एकेक अक्षर जुळवत मराठीत नाव लिहिलं आणि वही मिटून तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रुद्राणीनं बाईंना गाठून खरं सांगितलं. विनीताबाईंनी वही मागून घेतली आणि ती पानं पुन्हा उघडली.

“दहाच्या दहा बरोबर होती. ते मी लिहायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “वडिलांना सांगितलंस?”

तिनं मान हलवली. नव्हतं सांगितलं.

घरी आली तेव्हा अप्पा ओसरीवर बसले होते. काय झालं ते तिनं सांगायला घेतलं, पण अप्पांनी तिला पुरतं बोलू दिलं नाही.

“मला तवाच कळलं. बाजूच्या केरबाला कुठं काय येतंय?”

“अप्पा, मला लाज वाटली.”

“हाव,” ते म्हणाले. “मलाबी कचेरीत वाटती.”

तिनं पुस्तक काढलं, त्यांच्याजवळ बसली आणि धडा पहिल्यापासून मोठ्यानं वाचू लागली. बाह्यकोन. दूरस्थ आंतरकोन. अप्पा एकेक शब्द पुटपुटत होते. दूरस्थवर त्यांची जीभ अडखळली, तसं त्यांनी तो पुन्हा म्हटला. नवं उदाहरण आलं तेव्हा रुद्राणीनं पेन्सिल त्यांच्यापुढं धरली.

“तू कर, मी बघतो,” ते म्हणाले.

नववीचं वर्ष सरेपर्यंत ते रोज तिच्याजवळ बसत आणि बघत. तिचं चुकलं तर घसा खाकरत. पेन्सिल मात्र त्यांनी परत हातात घेतली नाही.