अंघोळ घालून गॅरेजला

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मला कुणी खटारा म्हटलेलं खपत नाही. नवी होते तेव्हा माझा निळा रंग बघायला गल्लीतली पोरं काचेला नाक लावून उभी राहायची. पहिल्याच दिवशी मालकीणबाईंनी मला फाटकाच्या खांबाला घासलं आणि स्वतःच रडत बसल्या. तेव्हापासून आमचं जमलं.

मालकीणबाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. माझ्या मागच्या सीटवर इतके रंग सांडलेत, की तिचा मूळ रंग मलाही आठवत नाही. त्या निवृत्त झाल्या आणि आमचं एकच ठरलेलं काम उरलं, दर रविवारी टेकडीपलीकडे त्यांच्या थोरल्या बहिणीला भेटायला जायचं. ताईंचे पाय अधू झालेले, घराबाहेर पडणं बंद. तिकडे बसही जात नाही. दोघी बहिणींची भेट व्हायची ती माझ्यामुळेच.

आणि नेमकं तेव्हाच मला दुखणं जडलं. सकाळी गार असताना मी झकास चालायची. इंजिन तापलं, चढ लागला, की एकदम गप्प! चावी फिरवली तरी नुसती घरघर. बराच वेळ उभी राहिले, की पुन्हा शहाण्यासारखी सुरू. मालकीणबाई धास्तावून अर्ध्या वाटेतून परत फिरायच्या आणि फोन करायच्या, "ताई, गाडी बंद पडली गं." असे कितीतरी रविवार गेले.

मेस्त्रींचं गॅरेज शेजारच्याच गल्लीत. पण मालकीणबाईंना घाणेरडी गाडी लोकांना दाखवायची लाज वाटे. त्या आधी मला धुवायच्या, बॉनेट उघडून आतही पाणी मारायच्या, पुसायच्या आणि मग हळूच नेऊन उभी करायच्या. मेस्त्री चौकापर्यंत चक्कर मारायचे आणि मी आपली ठणठणीत! त्यांनी कार्बोरेटर साफ केला, पेट्रोलचा पंप बदलला, शेवटी वैतागले. "बाई, काही झालेलं नाही हिला. नाटकं करते नुसती." असा राग आला मला! पण सांगणार कशी?

"आई, देऊन टाक आता भंगारात," मुलगा म्हणाला. भंगारवाला येऊन मला बघूनही गेला.

पुढच्या रविवारी मालकीणबाई शेवटचा प्रयत्न म्हणून निघाल्या. चढावर मी पुन्हा बंद पडले. सुरू झाल्यावर त्यांनी रागारागाने मला वळवलं आणि घरी न जाता, धुळीने माखलेली तशीच, थेट गॅरेजवर आणली. दारातच मी मान टाकली.

"वा! आली एकदाची तापून!" मेस्त्री ओरडले. त्यांनी प्लगची वायर काढून लोखंडाजवळ धरली. "फिरवा चावी." ठिणगीच नाही. मग त्यांनी कॉईलवर, म्हणजे प्लगला करंट पुरवणाऱ्या डबीवर, ओलं फडकं ठेवलं आणि जरा थांबले. "आता फिरवा." टक्कन ठिणगी पडली! वायर जागेवर लावली आणि मी सुरू.

"कॉईल गेलीय हो. तापली की दम तोडते. तुम्ही हिला दर वेळी गार पाण्याने अंघोळ घालून आणता, मग ताप दिसणार कसा? आणि मीही शहाणा, कधी लांब नेऊन तापवून बघितली नाही!"

नवी कॉईल बसली आणि दुपारीच आम्ही न थांबता टेकडी ओलांडली. ताई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. भीतीपोटी मालकीणबाईंनी मला चालूच ठेवलं आणि धावत जाऊन त्यांचा हात धरला. ताई हसल्या नाहीत.

"मला वाटलं, गाडीचं नुसतं निमित्त. कंटाळलीस माझ्या आजारपणाला."

"ताई! काहीतरीच काय बोलतेस!"

मित्रांनो, इंजिन गरम होतं तरी मी आतून गार पडले. माझ्या एवढ्याशा डबीपायी एक माणूस स्वतःला नकोसं समजत बसलं होतं. म्हणून विनवते, आम्हा जुन्यांना नटवून, पुसून दाखवायला नेऊ नका. दुखत असतं तेव्हाच, आहोत तसं न्या.

मालकीणबाई चावी काढायला वळल्या, तशी ताईंनी त्यांची बाही ओढली.

"बंद नको करू. मला धरून आत बसव. एक चक्कर मारू या."