गुडघा मोजायचा राहिला

मिस्त्रीने टायरच्या खाचेत अंगठा खुपसला, डोळे मिटले आणि नाडी न सापडलेल्या डॉक्टरसारखा बराच वेळ तसाच उभा राहिला.

"हा चिखलाचा," तो शेवटी म्हणाला. "तुमच्या रस्त्यावर चिखल जास्त का दगड?"

"रस्ताच नाहीये," धाकटा म्हणाला.

हे उत्तर पटल्यासारखी मान हलवून मिस्त्री पुढच्या टायरकडे वळला.

धाकटा चाळिशीला टेकला होता, पण घरात त्याला अजून धाकटाच म्हणत. टेकडीवरच्या त्यांच्या घराकडे येणारा रस्ता पुराने वाहून गेला होता. मागे राहिले होते दगड आणि 'काम चालू आहे' अशी पाटी. काम कुठे चालू आहे ते पाटीवर नव्हतं. त्याच्या म्हाताऱ्या बापाला मात्र आठवड्यातून दोनदा रक्त धुऊन घ्यायला खाली हॉस्पिटलात जावंच लागे. धाकटा, मेहुणा आणि शेजारचे दोघे त्याला खुर्चीत बसवून दगडांच्या पलीकडे, जिथे गाडी येऊ शकत होती तिथवर उचलून नेत.

म्हाताऱ्याने उभा जन्म आता मिस्त्रीकडे उभ्या असलेल्या याच पिकअपमधून लोकांचं घरसामान हलवलं होतं. खुर्चीतूनही तो हुकूम सोडत असे, डावीकडचा खाली गेलाय, मागचा झोपलाय, वळणावर श्वास धरा. आपण सामान आहोत याची त्याला तक्रार नव्हती. तक्रार वेगळीच होती. गेल्या खेपेला घरी आणून टेकवल्यावर तो घाम पुसणाऱ्या चौघांकडे आळीपाळीने बघत राहिला.

"चौघं लागतात ते तिजोरीला, नाहीतर मढ्याला," तो म्हणाला. "माझ्यात तिजोरीसारखं काही नाही. आता मी जायचा नाही."

मेहुणा हसला. बाकी कोणी हसलं नाही, म्हणून त्यानेही हसणं खोकल्यात वळवलं. पण म्हातारा खरंच पुढची खेप गेला नाही. पाय सुजले. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की आणखी एक खेप चुकली तर मग गाडीची घाई करायचं कारण उरणार नाही.

म्हणून पिकअप उंच करायची ठरली. दगडांवरून पोट न घासता ती थेट दारात आली पाहिजे, म्हणजे कोणाला कोणी उचलायला नको. मिस्त्रीने चाकांवर वरच्या मापाचे स्प्रिंगचे पाटे चढवले. गाडी उंच झाली, रुबाबदार झाली आणि वेडी झाली. स्टेअरिंग सरळ धरलं की ती गटाराकडे जाई. सरळ न्यायची तर स्टेअरिंग वाकडं धरावं लागे. पहिल्याच फेरीत धाकट्याने गॅरेजसमोरच्या न्हाव्याची खुर्ची थोडक्यात चुकवली. खुर्चीत गिऱ्हाईक होतं. त्याने डोळे उघडले नाहीत.

मिस्त्रीच्या मते यात नवल नव्हतं. गाडी वर गेली, पण स्टेअरिंगचा दांडा चाकाला जिथे धरतो ती जागा खालीच राहिली. दांडा तिरका झाला, त्यामुळे खड्ड्यात गाडी उडाली की चाकं स्वतःच्या अकलेने वळतात. त्याने दांड्याचा वरचा हात बदलून खाली उतरता घेतला, हिसके खाऊन टाकणारा एक दट्ट्या बसवला आणि चाकांचे कोन पुन्हा लावले. मग राहिले टायर. मेहुण्याला दुकानातले सगळ्यात मोठे हवे होते. त्याला सगळंच सगळ्यात मोठं लागे, बायको तेवढी घरात सगळ्यात बुटकी मिळाली होती. मिस्त्रीने तो मोठा टायर चाकाशी धरून दाखवला. पूर्ण वळवला की मडगार्डला घासत होता.

"वळायचं नसेल तर छान आहे," तो म्हणाला.

शेवटी मधले ठरले. फार रुंद नाहीत, खाचा बेताच्या, पण बाजू जाड, दगडाच्या धारेने न फाटणारी. धाकट्याने वाटेवरच्या एकेका दगडाची उंची वितीने मोजून आणली होती आणि सगळ्यात मोठ्या दगडालाही पोटाखालून जायला जागा उरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअप न घासता, न भरकटता टेकडी चढून दारात उभी राहिली. म्हातारा काठी टेकत बाहेर आला. गाडीला त्याने एक फेरी घातली. मग बाजूच्या दारापाशी थांबून त्याने पाय उचलला. पाय उठला तेवढा उठला आणि पायरीच्या बराच खाली हवेत थांबला.

सगळे दगड मोजले होते, गुडघा मोजायचा राहिला होता.

धाकट्याच्या बहिणीने स्टूल आणलं. दगडगोट्यांवर ते डुगडुगलं. मेहुणा बाह्या सरसावत पुढे झाला, शेजारचे दोघे कुंपणाशी येऊन उभे राहिले. म्हाताऱ्याने मोजलं. चार. तो घराकडे वळला.

धाकट्याने काठीचं दुसरं टोक धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं.

म्हातारा थांबला. काठीकडे बघितलं, मग गाडीकडे. मग गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या दारापाशी गेला.

"किल्ली काढ," तो म्हणाला. "स्टेअरिंग लॉक होऊ दे."

धाकट्याने किल्ली काढली. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी स्टेअरिंग पकडलं, एक शिवी हासडली आणि जन्मभराच्या सवयीने स्वतःला वर ओढून घेतलं. गुडघ्याला विचारलंच नाही. वर बसून तो धापा टाकत राहिला. पलीकडे सरकायला मध्ये गिअर होता. त्याने सीट पुढे ओढली आणि तळहात पसरला.

डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायची बंदी केली होती. धाकट्याने तळहातावर किल्ली ठेवली आणि बाजूला जाऊन बसला.

दगडांवरून म्हाताऱ्याने गाडी अशी उतरवली, जणू मागे कोणाचं तरी आरशाचं कपाट होतं. पक्का रस्ता लागल्यावर एकदाच बोलला.

"डावीकडे ओढायची पूर्वी."

"ठीक केलं."

"हं," म्हातारा म्हणाला. त्याचा उजवा हात तरीही गाडी उजवीकडे सावरत होता, आणि गाडी निमूट उजवीकडे जात होती, आणि तो तिला परत आणत होता.

हॉस्पिटलच्या दारात त्याने इंजिन बंद केलं. खाली बघितलं. जमीन लांब होती. त्याने हॉर्न वाजवला. व्हीलचेअर घेऊन तीन वॉर्डबॉय आले. पायांची सूज बघून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. एक जण म्हणाला, आणखी एक हात लागेल. धाकटा उतरून धावत वळसा घालून आला आणि हात पुढे केले.

"तू नको," म्हातारा म्हणाला.

"बाबा, तिघांना जमायचं नाही."

"तिघं पुरेत. वजन उतरलंय माझं." मग वॉर्डबॉयना म्हणाला, "डावीकडच्याने खाली जायचं नाही."

तिघांना जमलं, सहज जमलं. आणखी हात मागणारा रिकाम्या हाताने दार लावायला मागे वळला, इतकं सहज.

"चाकं सरळ करून ठेव," म्हातारा जाता जाता म्हणाला. "परत मीच नेणार आहे."

धाकटा ड्रायव्हरच्या जागी चढला. सीट पुढे ओढलेली होती. गुडघे स्टेअरिंगला टेकत होते. त्याने चाकं सरळ केली. मग सीट मागे सरकवायच्या खटक्यावर हात नेला, आणि तसाच गुडघे टेकवून बसून राहिला.