जिन्याखालचं कुलूप

२०२३ सालच्या मे महिन्यात जोगेश्वरीच्या आमच्या जुन्या इमारतीतल्या उत्तरानं आपल्या घरातलं संडास-बाथरूम तोडायला काढलं. खालच्या घरात छतातून पाणी ठिबकत होतं, दुसरा इलाज नव्हता. इमारत नवी होती तेव्हा कोणाचा नळ बंद पडला, की शेजारची भरलेली बादली न मागता दारात येई. त्या रीतीतलं थोडं अजून शिल्लक होतं. समोरच्या द्रौपदीमावशी, निवृत्त नर्स, म्हणाल्या, "काम होईपर्यंत आमच्याकडे या. विचारत बसायचं नाही, सरळ आत." उत्तरा, तिचा नवरा देवव्रत आणि लेक गार्गी खांद्यावर टॉवेल टाकून रोज समोर जाऊ लागली.

काम माणिक मिस्त्रीकडे होतं. फोडलेलं डेब्रिज घमेल्यातून खाली न्यायला सुलक्षणा नावाची बाई होती. लिफ्ट कामगारांना बंद, म्हणून जिन्यानं. पहिल्याच दिवशी तिनं हळूच विचारलं, की जायचं झालं तर कुठे जाऊ. उत्तरानं हायवेपलीकडचा पेट्रोल पंप सांगितला. मिस्त्री तिकडे जाई. सुलक्षणा एकदा गेली, पंपावरची पुरुषांची गर्दी पाहून तशीच परतली.

त्यानंतर उत्तरा चहा घेऊन आली, की ती म्हणायची, "नको ताई, उपास आहे." पाणीसुद्धा नको. उत्तरा नवऱ्याला हसून म्हणाली, "बाई भलतीच देवभोळी आहे रे. रोज कसला ना कसला उपास!"

एका दुपारी सुलक्षणा घमेल्यासकट जिन्यातच बसली. अंग थरथरत होतं. द्रौपदीमावशींनी तिला घरात नेलं, निजवलं, विचारपूस केली. मग गार्गीचा विसरलेला टॉवेल घेऊन त्या उत्तराच्या दारात आल्या.

"ताप आहे तिला. लघवीला आग होतेय. दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही."

"उपास असतात ना तिचे?"

"कसले उपास गं? प्यायलं तर जावं लागतं. म्हणून पीत नाही ती."

उत्तरा गडबडली. आपलं तर तुटलेलंच आहे, हे लोक घाण करून ठेवतात, आणि तुमच्याकडे तिला कसं पाठवणार, असं काहीतरी बोलू लागली.

"मला विचारलंस?" मावशी म्हणाल्या. "तुम्ही तिघं रोज येता. तुमच्यामागे मी फिनेल घेऊन धावले का? बुद्धपौर्णिमेची माझी खीर तुझ्या सासूबाई मोलकरणीला देऊन टाकायच्या, ते ठाऊक होतं मला. तरी पाठवत राहिले. वाटलं, ती पिढी गेली की संपेल हे."

उत्तराची नजर टॉवेलवरून वर उठेना. सासूबाई ती खीर मोलकरणीला देताना उत्तरा स्वयंपाकघरातच उभी असायची. तेव्हाही गप्प राहिली होती.

इमारतीत जिन्याखाली एक संडास होता. बांधणाऱ्यांनी कामाच्या माणसांसाठीच ठेवलेला. पुढे त्यात गणपतीच्या मखरांचं सामान भरलं आणि कुलूप लागलं. किल्ली सेक्रेटरीकडे, म्हणजे देवव्रतकडेच होती.

उत्तरानं ती मागितली. "सोसायटीत बोंब होईल," तो म्हणाला.

"होऊ दे. मीटिंगमध्ये मी बोलते. किल्ली दे."

मखरं बाहेर काढून तिनं तो संडास स्वतःच्या हातानं घासला. जिन्यातून जाणारे थांबून बघत होते. कुणाच्या नजरेला नजर द्यायचं धाडस तिला झालं नाही.

औषध घेऊन बरी झालेली सुलक्षणा कामावर आली. उत्तरानं तिला तो संडास दाखवला, आतून कडी नीट लागते तेही दाखवलं. मग पाण्याचा ग्लास पुढे केला. सुलक्षणानं ओठ ओले केले आणि ग्लास खाली ठेवला. पुढे कितीतरी दिवस ती तसंच करत राहिली. दार उघडलं होतं, पण तिच्या अंगाला अजून भरवसा नव्हता. ते पाहताना उत्तराला लाज वाटे, आणि वाटावी अशीच ती गोष्ट होती.

आता द्रौपदीमावशी मुलाकडे पवईला राहतात. बुद्धपौर्णिमेला उत्तरा तिथे जाऊन त्यांच्या पंगतीला बसून खीर खाते. देवव्रतनं सेक्रेटरीपद सोडलं, किल्ली मात्र कुणाच्या हाती दिली नाही, म्हणून ते कुलूप पुन्हा लागलं नाही. माणिक मिस्त्री नवं काम घेण्याआधी विचारतो, "आमच्या माणसांनी जायचं कुठं?" सुलक्षणा त्याच्या हाताखाली फरशी बसवायला शिकली. आमच्या इमारतीत कामाला आली, की आधी तांब्याभर पाणी मागते.

वाचकहो, घर दुरुस्तीला काढाल तेव्हा फरशीचा रंग नंतर ठरवा. आपलं घर नीट करायला येणाऱ्या माणसाला दिवसभर तहान मारावी लागणार नाही, एवढं आधी ठरवा.